आबांनी फिरवलेले आकडे

ज्या दिवशी मी भडगाव सोडलं, त्या दिवशी आबा स्टँडवर आले नाहीत. दुकानात एका शेतकऱ्याची मोटर उघडी पडली होती. त्याच्या केळीला दोन दिवस पाणी नव्हतं आणि तो पायरीवर बसून आबांच्या हातांकडे टक लावून बघत होता. चाळीसगावची एसटी लागायची होती. दिनेश, म्हणजे माझा नवरा, बॅगांपाशी उभा होता, माय डोळे पुसत होती, आणि मी रागारागाने चपला वाजवत दुकानात गेले. मुलगी हजार मैलांवर चाललीये आणि बापाला मोटर सुचतेय. पाया पडले तेव्हा आबांनी मान वर केली, हातातली तार मात्र सोडली नाही. म्हणाले, "जिठे जाशी तिठे मशीनले हात लावाले लाजू नको." झालं, एवढाच निरोप. एसटी चाळीसगावात शिरेपर्यंत मी धुसफुसत होते.

आता त्याला बारा वर्षं होतील. हे लिहितेय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक म्हणजे तुम्ही, भडगावातले, ज्यांनी मला आबा मिस्तरींची पोरगी म्हणून ओळखलं आणि जे अजून माझ्या मायला विचारता की कल्पनाला तिकडे करमतं का. आणि दुसरे तुम्ही, जे माझ्यासारखेच कुठून कुठे गेलात आणि फोनच्या एका ग्रुपात येऊन बसलात. दोघांनाही एकमेकांची गोष्ट माहीत नाही. ती माझ्याच्याने नीट सांगून होते का बघते.

आमचं घर मोटरी भरणाऱ्यांचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, विहिरीवरची, बोअरची, गिरणीची मोटर जळाली की तिच्यातली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार गुंडाळून बसवायची, याला मोटर भरणं म्हणतात. प्रत्येक मोटरीचा हिशोब वेगळा. तार किती जाड, एका कॉइलला आटे, म्हणजे वेढे, किती, कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत जाणार. आटे चार कमी पडले तर मोटर तापते आणि जळते. चार जास्त झाले तर ओझं ओढत नाही, नुसती गुणगुणते. मी शाळेतून आले की ओसरीत बसून कॉइली गुंडाळायचे. आबा आतून नुसता आकडा सांगत, मी तेवढे आटे मारायचे. चुकले तर पुन्हा. बारावीनंतर सगळ्या मैत्रिणी डीएडच्या मागे लागल्या आणि मी कॉइलींना लावायच्या वार्निशच्या वासात. लग्न जमवताना या वासाचं काय करायचं याची मायला फार काळजी.

कोइमतूरला दिनेशला पंपांच्या कास्टिंगच्या कारखान्यात काम लागलं होतं. घर मिळालं ते एका अम्माच्या मागच्या दोन खोल्या. अम्मा म्हणजे घरमालकीण, तिकडे मोठ्या बाईला अम्मा म्हणतात. पहिले सहा महिने मी भिंतींशी बोलले. भाषा कळायची नाही. बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायची, आणि पीठ मागितलं तर तांदळाचं मिळायचं. भाकरीसाठी दादर ज्वारी म्हणून मी चार दुकानं पालथी घातली, शेवटी मक्यावर भागवलं. मायशी फोनवर बोलताना मी सगळं छान छान सांगायचे आणि फोन ठेवला की रडायचे. हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

मग एक दिवस अम्माचा ग्राइंडर जळाला. इडली-डोशाचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर, तो तिकडे प्रत्येक घरात असतो आणि तो बंद पडला की घराला सुतक आल्यासारखं होतं. अम्मा त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. मला राहवलं नाही. खुणेनेच म्हटलं, मी करते. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही शेळीने गाडी चालवते म्हटलं. पण पर्याय नव्हता. मी स्क्रू काढले, मोटर बाहेर घेतली, आणि हात टेकले. पंपाच्या मोटरी मी शेकडो बघितल्या होत्या, ही जात वेगळी होती. त्यात तार जळून तिचा नुसता गोळा झालेला, आटे मोजायलाही काही उरलं नव्हतं. आबांना फोन लावला. ते म्हणाले, अशा गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत, हातात घेऊन बघावं लागतं. आणि ठेवला. खरं म्हणजे त्यांनाही ती मोटर माहीत नव्हती. पण माहीत नाही असं म्हणणं आबांच्या अंगात नव्हतंच. उभ्या जन्मात त्यांनी कोणा मिस्तरीला काही विचारलेलं मी बघितलं नव्हतं. अडलं तर दार लावून बसायचे आणि उमजल्यावरच उघडायचे.

ग्रुपचं दिनेशने शोधून दिलं. कारखान्यातल्या कोणीतरी सांगितलं होतं की मोटर भरणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, बहुतेक सगळे हिंदीत लिहितात, कोणी गुजरातचे, कोणी पंजाबचे, कोणी बिहारचे. मी जळक्या गोळ्याचा फोटो टाकला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं की याचे आटे कोणाला माहीत आहेत का. बटण दाबताना लाज वाटली, जसं काही परीक्षेत शेजारणीच्या पेपरात बघतेय. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. आकडे, तारेचा गेज म्हणजे जाडी, आणि कॉइल कशी बसवायची त्याचं पाटीवर काढलेलं चित्र. खाली मराठीत एक ओळ होती, "ताई, तुम्ही आपल्या खानदेशच्या का? 'मोटर भरली' असं हिंदीत घुसडणारे आपलेच."

ते धुळ्याचे सलीमभाई. साठीच्या पुढचे, धुळ्यात त्यांचं भरायचं दुकान, आणि ग्रुपातले सगळे त्यांना थोडे टरकून असतात. मी त्यांचं उत्तर वाचलं आणि कोइमतूरच्या त्या खोलीत मोठ्याने हसले. सहा महिन्यांनी पहिल्यांदा.

ग्राइंडर चालला. अम्माने मला हाताला धरून गल्लीभर फिरवलं आणि प्रत्येक दारात काहीतरी सांगितलं. मला त्यातलं 'अक्का' एवढंच कळलं. तिकडे अक्का म्हणजे मोठी बहीण, आपल्याकडेही मानाचंच, त्यामुळे ते अंगाला लगेच बसलं. महिन्याभरात जिन्याखालच्या कोपऱ्यात माझं टेबल लागलं आणि मी मोटर अक्का झाले. आज तिथे दुकान आहे. पण ते दुकान माझ्या एकटीचं नाही हे मला पक्कं माहीत आहे. त्यातल्या निम्म्या मोटरी मला न भेटलेल्या माणसांनी भरायला शिकवल्या.

या ग्रुपाचे कायदे फार मजेशीर आहेत. मोजल्याशिवाय कापायचं नाही. कोणी प्रश्न विचारला तर 'एवढंही येत नाही का' असं म्हणायचं नाही, म्हटलं तर सलीमभाई आठवडाभर तोंड बंद करायला लावतात. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे उत्तर घेऊन पसार व्हायचं नाही. मोटर चालली तर येऊन सांगायचं चालली, जळली तर सांगायचं जळली. म्हणजे पुढच्याला कळतं की आकडा खरा की खोटा. त्यामुळे दिवसभर 'चालली, चालली' असे निरोप येत राहतात, आणि वाचणाऱ्याला उगाच बरं वाटतं. राजकोटच्या एकाच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिची तब्येतही लोक याच भाषेत विचारत होते, की काय भाऊ, गाडी लाइनवर आली का. माझी मुलगी झाली तेव्हा सलीमभाईंनी लिहिलं होतं, कल्पनाताईंकडे नवीन मोटर, आवाज खणखणीत. मी फोन छातीशी धरून हसत होते आणि नर्स बघत होती.

इतकं घेतलं लोकांकडून. मग वाटायला लागलं, आपण काय दिलं?

आबांचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी दुकान बंद केलं त्या वर्षी मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आले होते. आखाजीला माहेरी जायचं हे आपल्याकडे सासरचेही अडवत नाहीत, मी तर कोइमतूरहून जाते. दुपारी सगळे आडवे झालेले. माळ्यावरून पापडाची चाळण काढताना मला आबांची वही दिसली. जाड पुठ्ठ्याची, तेलाने काळी पडलेली. तीस वर्षांत भरलेल्या प्रत्येक मोटरीचं पान. कंपनीचं नाव, खाचा, गेज, आटे, खाली आबांची सही. कितीतरी कंपन्या बंद पडलेल्या, त्या मोटरींचे आकडे आता कुठेच मिळत नाहीत. मी आबांना विचारलं नाही. का विचारलं नाही? कारण ते नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. आपल्याकडचा एकही मिस्तरी वही दुसऱ्याला दाखवत नाही. नवरा-बायकोत दाखवत नाहीत तर ग्रुपाला कुठून. मी ओसरीत मांडी घालून बसले आणि पानापानाचा फोटो काढून ग्रुपात टाकला. वर लिहिलं, माझ्या वडिलांची आयुष्यभराची कमाई, घ्या. लोकांनी इतके हात जोडले की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. आबा आत घोरत होते.

पाच-सहा आठवडे झाले असतील. बिहारमधल्या संतोषचा निरोप आला. संतोष नवा मिस्तरी, वर्षही झालं नव्हतं दुकान टाकून. त्याच्या गावच्या पिठाच्या गिरणीची मोटर आली होती, आधीच कोणीतरी तार काढून रिकामी केलेली. मोजायला काही नाही. कंपनी जुनी, बंद पडलेली. आणि ती माझ्या आबांच्या वहीच्या पहिल्याच पानावर होती. संतोषने आकडे बघून भरली, बसवली, चालू केली. तिसऱ्या दिवशी जळली. गावाची गिरणी पुन्हा बंद आणि लोक त्याच्या दुकानापुढे येऊन बोलायला लागले. त्याने कायद्याप्रमाणे येऊन सांगितलं, जळली. माझ्यावर एक शब्द ठेवला नाही. उलट लिहिलं, दीदी, माझ्याच हाताची चूक असेल.

सलीमभाईंनी त्याच्याकडून जळक्या कॉइलचे फोटो मागवले, मोजायला लावलं, मग मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मी फोनवर ऐकला. सरळ मुद्द्यावर आले. म्हणाले, "बेटा, पोराने वहीबरहुकूम भरली. वहीतच खोट आहे. चौतीस लिहिलंय, त्या मोटरीला चौतीस नसतात. तुझ्या आबांनी आकडा फिरवलाय."

मी म्हटलं, आबा असं करणार नाहीत. ते हसले, वाईट नाही, दमल्यासारखे. म्हणाले की आमच्या काळी सगळेच फिरवायचे. मी पण फिरवायचो. दुकानात दिवसभर गिऱ्हाईकं बसलेली, वही उघडी, जो तो डोकावणार. म्हणून प्रत्येक मिस्तरी खरा आकडा डोक्यात ठेवायचा आणि वहीत थोडा सरकवून लिहायचा. उस्तादाने तसंच शिकवलेलं असायचं. कोणी चोरून भरली तर जळेल आणि चोराची अक्कल ठिकाणावर येईल.

मी लहानपणापासून त्या दुकानात वाढले आणि मला हे माहीत नव्हतं. कळणार कसं, मला तर आबा आकडा तोंडी सांगायचे. वही उघडून कॉइल गुंडाळायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. चोरासाठी लावलेला सापळा मी स्वतःच्या हाताने उचलून ज्यांनी मला उभं केलं त्या माणसांच्या पायाखाली ठेवला होता. वहीत अडीचशेच्या वर पानं. त्यातलं एक जळलं, बाकीची कोणाकोणाच्या दुकानात भरली जात असतील कोण जाणे.

मी सगळ्यांना लिहिलं की वहीतलं काहीही वापरू नका. माफी मागितली. आणि लिहिलं की मी ग्रुप सोडते, मला तोंड दाखवायला जागा नाही. सलीमभाईंचा आवाजी निरोप लगेच आला, सगळ्यांसमोर. "जळलेली मोटर टेबलावर टाकून कोणी घरी जातं का? आधी भर. मग जायचं तर जा."

भरायची म्हणजे आबांकडून खरे आकडे घ्यायचे. दुसरा रस्ता नव्हता, ते फक्त त्यांच्या डोक्यात होते, आणि आबांचं वय पंचाहत्तर. मी घरी फोन केला आणि काही लपवलं नाही. वही, फोटो, संतोष, गिरणी, सगळं. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू माले इचारं व्हतं का?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी फोन मायकडे दिला. त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माय सांगायची की आहेत, जेवतात, पण वही घेऊन दारात बसतात आणि कोणी आलं की तिच्यावर टॉवेल टाकतात. मायलाही त्यांनी विचारलं नाही की मी कशी आहे. मला वाईट वाटत होतं आणि चीडही येत होती. आता दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, हाताने काम होत नाही, मग हे आकडे ठेवून करायचं काय, चितेवर घेऊन जायचे? असं मी मायला म्हणून गेले. मायने फटकारलं. म्हणाली, त्यांच्याकडे दुसरं आहे तरी काय स्वतःचं. तिचं बरोबर होतं. आबांनी ना जमीन घेतली ना माडी बांधली. गावाने त्यांना जो मान दिला तो यासाठीच की ही मोटर आबाशिवाय कोणाच्याने होत नाही. तोच मान मी न विचारता वाटून टाकला होता.

इकडे ग्रुपाने संतोषला वाऱ्यावर सोडलं नाही. सलीमभाईंनी दोन दुपारी व्हिडिओ लावून त्याच्याकडून त्या मोटरीच्या लोखंडाची लांबी-रुंदी मोजून घेतली आणि आटे गणिताने काढले. राजकोटवाल्याने तार पाठवली, दुकानातली, स्वतःच्या कामाची बाजूला ठेवून. लुधियानाच्या एका सरदारजींनी गिरणीमालकाला फोन करून समजावलं की पोराचा दोष नाही. मोटर भरली, चालली. संतोषने गिरणीतून पडणाऱ्या पिठाचा व्हिडिओ टाकला. मी तो किती वेळा बघितला त्याला गणती नाही.

दहाव्या दिवशी मायच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. समोर आबा. दाढी वाढलेली, चष्मा नाकावर. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "त्या पोऱ्यानी मोटर कोनी भरी दिधी?"

मी सांगितलं. कोणी गणित केलं, कोणी तार दिली, कोणी गिरणीवाल्याशी बोललं. आबा मध्येमध्ये नाव पुन्हा विचारत होते. राजकोटवाला त्या पोराचा कोण लागतो? मी म्हटलं, कोणी नाही. सरदारजी? कोणी नाही. धुळ्याचं नाव आलं तसे ते थांबले. "सलीम? डावरा सलीम? त्यानी गाठ उलटी ऱ्हास." मग हळूहळू निघालं ते असं, की तीस वर्षं आबांकडे धुळ्याकडून आलेल्या मोटरी यायच्या, त्यांतल्या कॉइली बांधलेल्या गाठी बघून आबांना कळायचं की हा डावखुऱ्या सलीमचा हात. आणि सलीमभाईंना भडगावकडची मोटर उघडली की आबांचा. दोघांना एकमेकांचं काम पाठ होतं. भेट कधी नाही, बोलणं तर लांबच. दोघांनी एकमेकांपासून वह्या लपवल्या होत्या.

आबा बराच वेळ मांडीवरच्या वहीकडे बघत राहिले. माय फोन धरून उभी होती, तिचा हात दुखला असणार. मग त्यांनी पान उलटलं. "पयलं पान. लिखेल शे चौतीस. तू अडतीस लिख."

मी पेन शोधत धावले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला आकडे दिसत नव्हते, पण आबांना थांबा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

अकरा दुपारी आम्ही ते करत होतो. कुठे चार कमी, कुठे तीन जास्त, कुठे आटे बरोबर पण गेज खोटा. काही पानांवर काहीच फिरवलेलं नव्हतं, कारण ती मोटर भरताना समोर कोणी बसलं नव्हतं. प्रत्येक मोटर कोणाची होती, विहीर कुठली, शेतकरी कोण, हेही ते सांगत गेले, आणि मी गिरणा नदीकाठच्या कितीतरी विहिरींवर त्या अकरा दुपारी फिरून आले. एका पानावर ते अडकले. डोळे मिटून बसले, बोटांनी हवेत आटे मोजले, पुन्हा बसले. शेवटी म्हणाले की हे ध्यानात नाही, काट मार. ते म्हणताना त्यांचा आवाज इतका लहान झाला की मायने फोन खाली घेतला. मी ते पान तसंच टाकलं, वर लिहिलं की हा आकडा हरवला आहे, ज्याला ही मोटर सापडेल त्याने मोजून कळवावा. चार महिन्यांनी नांदेडच्या एकाने कळवला. मी आबांना सांगितलं. त्यांनी स्वतःच्या हाताने, वेडंवाकडं का होईना, वहीत लिहिला आणि पुढे त्या माणसाचं नाव घातलं.

सलीमभाई एकदा धुळ्याहून भडगावला येऊन गेले. मी तिथे नव्हते. मायने सांगितलं की दोघांनी पहिला अर्धा तास चहाच घेतला, मग सलीमभाईंनी पिशवीतून एक जुनी कॉइल काढली आणि विचारलं की ही कोणाची गाठ, आणि दोघं पोरांसारखे हसले. निघताना सलीमभाईंनी आबांनाही ग्रुपात घेतलं. त्यानंतर माझ्यापेक्षा आबांचे फोन धुळ्याला जास्त जातात. मला त्याचा थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

भडगावचे लोक मला विचारतात, आता तिकडचीच झालीस का? अम्मा विचारते, गावाकडे परत जाणार का? मुलगी शाळेत तमिळ बोलते, घरी माझ्याशी मराठी, आणि आबांशी फोनवर अशी अहिराणी की दिनेशलाही कळत नाही. मी भडगावला जाते तेव्हा चौथ्या दिवशी दुकानाची आठवण येते, आणि कोइमतूरला परतले की चौथ्या दिवशी गिरणेची. आधी याचा त्रास व्हायचा. वाटायचं, आपण दोन्हीकडे पाहुणे. बारा वर्षं मी याचं उत्तर शोधत होते आणि ते मला गेल्या महिन्यात मिळालं.

दुपारचे तीन वाजले असतील. माझे हात वार्निशने भरलेले होते. फोन वाजला, ग्रुपात आवाजी निरोप आला होता. कोपराने दाबून चालू केला.

"मी भडगाववाला आबा बोलस. सोलरवाली मोटर उघाडी शे. कॉइली चांगल्या शेतस, पण लाइनवर फिरत नही. हाई माले येत नही. कोनले येत व्हई ते सांगा."

शेजारच्या शेतकऱ्याने सोलर पंप आणून दिला असणार आणि नाही म्हणवलं नसणार. आबांच्या आयुष्यात ही मोटर कधी आलीच नव्हती. पंचाहत्तरीच्या माणसाने, ज्याने सगळं आयुष्य दार लावून उत्तरं शोधली, त्याने शेकडो लोकांसमोर म्हटलं होतं, मला येत नाही.

उत्तर मला माहीत होतं. अशा चार मोटरी मी त्याच महिन्यात केल्या होत्या. हात पुसून एक ओळ लिहायची, एवढंच. मी लिहिली नाही. मला बघायचं होतं.

पहिला आला संतोष. आबांची अहिराणी त्याला किती कळली देव जाणे, पण मोटरीचा फोटो कळला. त्याने हिंदीत सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आबाजी, ही सरळ लाइनवर फिरणारच नाही, हिच्या आत लोहचुंबक आहे. हाताने दांडा फिरवा आणि तीन तारांवर मीटर लावा. तिन्हीकडे सारखं आलं तर मोटर ठीक, दोष वरच्या डब्यात, म्हणजे कंट्रोलरमध्ये. मागून राजकोट, मागून लुधियाना, कोणी चित्र काढून, कोणी डबा उघडून दाखवून. सलीमभाईंनी फक्त एक हसणारं तोंड टाकलं. कोणीही विचारलं नाही की तुम्हाला एवढंही येत नाही का.

संध्याकाळी चहाच्या वेळी आबांचा दुसरा निरोप आला, कायद्याप्रमाणे. "डबा खराब व्हता. बदलना. मोटर चालनी. संतोष, पोऱ्या, तू हुशार शे."

मग मी कोपऱ्यात स्टुलावर बसून मनसोक्त रडले, आणि ते दुःखाचं नव्हतं. अम्मा बाहेरून विचारत होती काय झालं, मी तिला सांगितलं, अप्पांची चालली, तिकडे वडिलांना अप्पा म्हणतात. तिला काही कळलं नाही, पण ती आत येऊन शेजारी बसली.

भडगावात आबांना 'येत नाही' म्हणायला जागा नव्हती, कोइमतूरला मला नव्हती. जिथे आम्हा दोघांनाही ते म्हणता आलं आणि कोणीतरी लगेच सरकून शेजारी बसवून घेतलं, त्या जागेला मी आता घर म्हणते.